पुणेरी नमस्कार

लग्न होऊन मी पुण्याहून बंगळूरला आले ती साठच्या दशकाच्या सुरुवातीला. सासर मल्लेश्वरममध्ये. माणसं मराठी, पण चार पिढ्या बंगळुरात मुरलेली. सासूबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्काच म्हणू लागले. त्यांच्या बोलण्यात मधूनच ‘थोडं’ऐवजी ‘स्वल्प’ नि ‘बरं’ऐवजी ‘सरी’ डोकावायचं. मी हसले की म्हणायच्या, “हस बाई. तुमचं पुण्याचं मराठी म्हणजे खळ घालून इस्त्री केलेलं.” मला राग यायचा. मला राग लवकर येतो, हे इथेच सांगून टाकते.

अक्कांना डायबेटिस होता. या दुखण्याचा संबंध फक्त तोंडाशी, अशी आमच्या घरात सगळ्यांची समजूत. कॉफीत साखर घालायची नाही आणि सणाला अर्धीच पुरणपोळी खायची, की झालं पथ्य. पायांचा विचार कुणाच्या मनातही आला नव्हता. उलट अक्कांच्या पायांची गल्लीत कीर्ती होती. दर सोमवारी त्या महादेवाच्या देवळात अकराच्या उन्हात अनवाणी एकवीस प्रदक्षिणा घालायच्या. उन्हाळ्यात तिथली फरशी तव्यासारखी तापे. बाकीच्या बायका टाचा उचलत सावलीकडे पळायच्या आणि अक्का सावकाश, एकेक पाऊल टाकत फिरत राहायच्या. “अक्कांवर महादेवाची कृपा आहे, त्यांना पोळतच नाही,” असं सगळ्याजणी म्हणायच्या. मलाही ते पटलं होतं. मी त्यांच्याबरोबर गेले त्या सोमवारी तिसऱ्याच फेरीला माझी भक्ती संपली.

त्याच संध्याकाळी स्वयंपाकघराच्या लाल जमिनीवर मला ओलसर पावलं दिसली. एकाच पायाची. मी अक्कांना हाताला धरून बसवलं आणि जबरदस्तीनं पाय उलटा करून पाहिला. टाचेखाली रुपयाएवढा फोड येऊन फुटला होता.

“दुखत नाही का हो?”

“कुठं काय? आणि सोड पाय. तळवा दाखवू नये कुणाला.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांना जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर वयस्कर, कन्नड माणूस, पण अक्कांशी हौसेनं मराठी बोलायचे. त्यांनी अक्कांना डोळे मिटायला सांगितलं आणि तळव्याला टाचणी लावली. एकदा, दोनदा, तीनदा. थोड्या वेळानं अक्का म्हणाल्या, “मग? कधी टोचणार?”

मला हसू फुटलं आणि डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे पाहून तिथंच विरलं. ते म्हणाले, “अक्का, ही कृपा नाही. साखरेनं पायाची जाणीव गेली. पाय भाजला, कापला, तरी तुम्हाला कळणार नाही. हा फोड भरेल. पण पुढची जखम कुणाला दिसली नाही आणि चिघळली, तर बोट कापावं लागेल. नाहीतर पाऊल.”

मग त्यांनी नियम सांगितले. घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही. चप्पल झटकून घालायची. आंघोळीचं पाणी दुसऱ्या कुणी तरी हात घालून बघायचं. तळव्याला कुरूप झालं तर ते पात्यानं कापायचं नाही. आणि रोज, अगदी रोज, तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या. अक्का “सरी” म्हणाल्या आणि लुगड्याचा काठ ओढून त्यांनी पाय झाकले.

घरी आल्यावर त्यांनी एकही नियम मानला नाही. स्वयंपाकघरात चप्पल? देवघरात चामडं? माझी आणि त्यांची तीन दिवस जुंपली होती. आमचे हे दोन्ही बाजूंनी मान हलवत वर्तमानपत्र वाचत होते. चौथ्या दिवशी मी जुन्या गोधडीचे तुकडे कापले, खाली रबराचा तळ शिवून घेतला आणि सुती चपलांचे दोन जोड तयार केले. “चामड्याचा दोराही नाही. रोज धुऊन देईन. तुमच्या सोवळ्याहून सोवळ्या आहेत,” असं म्हणून त्यांच्यापुढे ठेवले. अक्कांनी उलटसुलट करून पाहिले, माझ्या शिवणाला नावं ठेवली आणि पायांत घातले.

तळवे बघू द्यायला मात्र त्या काही केल्या तयार होईनात. मोठ्या माणसानं सुनेसमोर तळवा करायचा म्हणजे पाप. स्वतः बघा म्हटलं, तर डोळ्यांना दिसत नाही म्हणायच्या. तांदळातला खडा मात्र वाकल्यावाचून दिसायचा. शेवटी मी एक रीत शोधून काढली. आमच्याकडे दिवेलागणीला सून सासूला नमस्कार करायची, तो वाकून, पायांच्या बोटांना हात लावून. मी अक्कांना गंभीरपणे सांगितलं, “आमच्या पुण्यात वडीलधाऱ्यांना खुर्चीवर बसवून नमस्कार करतात. पाय ताटात ठेवून, ओल्या फडक्यानं पुसून, कोरडे करून, दोन्ही तळव्यांना कपाळ लावायचं. नाहीतर नमस्कार पोचत नाही.”

अक्का माझ्याकडे पाहत राहिल्या. “असेल बाई. पुणेकरांचं काही सांगता येत नाही.”

झालं. रोज संध्याकाळी आमच्या घरी पुणेरी नमस्कार सुरू झाला. दिवा जवळ ओढून मी असा काही भक्तिभावानं पाय पुसायची की शेजारच्या बायका बघायला येऊन बसायच्या. एकीनं तर आपल्या सुनेला आणून दाखवलं. ती सून नंतर महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

पावसाळा गेला. नवरात्राच्या गडबडीत एका संध्याकाळी मी डावा पाय हातात घेतला आणि अंगठ्याखाली लाल चीर दिसली. भोवतालची कातडी गरम लागत होती. चप्पल उलटी केली तर आतून करवंटीची टोकदार कपची पडली. सकाळी नारळ फोडताना उडून चपलेत गेली असणार. चप्पल न झटकता अक्कांनी पायांत घातली होती आणि त्या कपचीवर उभं राहून त्यांनी दिवसभर वीस माणसांचा स्वयंपाक केला होता. मी रागानं काय वाट्टेल ते बोलले आणि तसंच हाताला धरून त्यांना रिक्षात घातलं.

जखम पाहून डॉक्टर म्हणाले, “आजच आणलंत, चांगलं केलंत.” मग रोज पट्टी बदलायची, पायावर भार द्यायचा नाही. अक्का पलंगावर आणि अख्खं घर त्यांच्या हुकुमावर. इतकी भांडणं आणि इतकी मजा त्या घरात पुन्हा कधी झाली नाही. त्या पलंगावरून मला बिसीबेळे भात शिकवायच्या आणि मी मुद्दाम त्यात गोडा मसाला घालायची.

पाचव्या आठवड्यात डॉक्टरांनी पट्टी काढली. जखम भरली होती. पाचही बोटं जागच्या जागी. परत येताना आम्ही सावकाश चालत होतो. कोपऱ्यावरच्या फुलवालीकडून अक्कांनी दोन हात लांब मोगऱ्याचा गजरा घेतला आणि तिथंच रस्त्यात माझ्या केसांत माळला.

“पुण्यात तसली रीत नाही,” त्या म्हणाल्या. “तुझी आई आली होती ना गणपतीत, तिला मी विचारलं होतं.”

मी विचारलं, “मग त्यानंतरही तुम्ही रोज पाय पुढं कसा केलात?”

“माझ्या वडिलांचा पाय कापला होता,” अक्का म्हणाल्या. “गुडघ्यापासून. हेच दुखणं. घरात कुणी बोलत नसे त्याबद्दल. डॉक्टर बोलले त्या दिवसापासून मला माझे तळवे बघायची हिंमत होत नव्हती गं. तू बघायचीस तेव्हा मी तुझं तोंड बघत असायची. तू हसलीस की त्या रात्री मला झोप यायची.”

मी रस्त्यातच रडायला लागले. अक्का म्हणाल्या, “अय्यो, पुरे. घरी चल, दिवे लागायची वेळ झाली. पाय बघायचेत माझे.”