एका बाहीचा स्वेटर

आज कपाट उघडलं आणि डांबरगोळ्यांचा वास आला. तळाशी माझा माहेरचा स्वेटर होता, एकाच बाहीचा. दुसरी बाही मी नवी नवरी असताना हडपसरच्या सासरी, ओसरीवर सगळ्यांसमोर कापली होती.

त्या दिवशी गोठ्यातल्या कुत्रीच्या पिल्लांमधलं सगळ्यात लहान, ओंजळीत मावणारं, कुडकुडणारं पिल्लू मी पाळायला निवडलं. सासरे म्हणाले, "एवढं बारकं ह्ये, घर काय राखनार?"

"ते नाही राखणार, मामा. मी राखीन त्याला."

मी कात्री चालवली आणि बाही पिल्लाच्या अंगात चढवली.

तेव्हा वाटलं, पिल्लासाठी बोलले. त्या घरात मी पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं, हे आता कळतं.

"आई, टाकून द्या ना हा स्वेटर," सून म्हणाली.

मी तो अंगात घातला आणि उघड्या हातात पिशवी घेऊन मंडईत गेले.