सव्वा पानाचा नकार

साखरताईचं खरं नाव ऑफिसात कुणाला आठवत नव्हतं. तिचं काम एकच. नवनव्या धंद्यांत पैसे घालणाऱ्या त्या कंपनीकडे जे लोक आपापल्या अचाट कल्पना घेऊन येत, त्यांना पत्रातून ‘नाही’ कळवायचं. आणि तेही ‘नाही’ हा शब्द न वापरता.

हे सोपं नाही बरं का, करून बघा एकदा! आधी ती एका विमा कंपनीत दावे फेटाळायची पत्रं लिहायची. तिथे दावा फेटाळला गेलेल्या एका गृहस्थाने उलट तिलाच आभाराचं कार्ड पाठवलं, आणि त्या कार्डावर तिला ही नोकरी लागली.

ऑफिसच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं होतं, ‘आम्ही वेड्यांच्या शोधात आहोत.’ वेडे रोज यायचे. भिंतीखाली तीन साहेब बसायचे. थोरले साहेब विचारत, “हे आधी कुणी केलंय का?” केलेलं असलं तर म्हणत, “मग आपल्याला उशीर झाला.” केलेलं नसलं तर, “मग यात काहीतरी गोम असणार.” मधले साहेब विचारत, “आणखी कोण पैसे घालतंय?” धाकटे साहेब नुसती मान हलवत, तीही थोरल्यांची कुठे हलते ते बघून. एवढी चाळणी लावून शेवटी पैसे गेले कुणाला, तर घरून कपडे नेऊन धुऊन आणणाऱ्या नवव्या ॲपला! आधीच्या आठांत दुसऱ्यांनी पैसे घातले होते ना, मग कसली आलीय जोखीम? आणि याला म्हणायचं साहसी भांडवल. धन्य आहे.

बरं, सरळ ‘नाही’ म्हणून का टाकत नव्हते? कारण आजचा वेडा उद्या मोठा झाला तर त्याच्या दारात जायला तोंड हवं. म्हणून दार कायम किलकिलं ठेवायचं. साखरताईकडे फाइल येतच नसे. यायचा फक्त अर्जाचा नंबर आणि पुढे साहेबांचा शेरा: ‘गोड’ किंवा ‘फार गोड’. कल्पना फुसकी असली की ‘गोड’, अर्ध्या पानात उरकायचं. पण कल्पना खरंच चालेल अशी धास्ती वाटली की ‘फार गोड’. तेव्हा सव्वा पान. म्हणजे जितका माणूस गुणी तितकी त्याला साखर जास्त, पैसा दोघांनाही शून्य. नाव-पत्ता नंतर टपालवाला कारकून चिकटवायचा.

साखरताईला आपल्या कामाचा अभिमान होता. का नसावा? कुणाचं मन दुखवलं नाही, असं ती छातीवर हात ठेवून सांगायची.

एका रविवारी ती माहेरी गेली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दारातच उभे. बाबा म्हणजे टर्नर, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लोखंड कातायची एक लेथ, आणि त्या लेथवर चाळीस वर्षं घर चाललेलं. गेली तीन वर्षं ते नळांना कान लावून बसायचे. रस्त्याखाली पाइप कुठे गळतोय ते वरूनच ऐकून सांगणारं यंत्र त्यांनी बनवलं होतं. घरच्यांना वाटायचं, म्हातारपणाचा चाळा.

“बस,” बाबा म्हणाले, “आणि ऐक. तुझ्याच ऑफिसात अर्ज टाकला होता. तुला मुद्दाम सांगितलं नाही, लेकीच्या वशिल्याने गेला असं कुणी म्हणायला नको.” मग चष्मा लावून त्यांनी आलेलं उत्तर मोठ्याने वाचलं, “‘आपली कल्पना वाचून आमच्या टेबलावर बराच वेळ शांतता पसरली. अशी दृष्टी क्वचितच भेटते.’ बघ! ‘योग्य वेळ येताच सर्वांत आधी आपलीच आठवण होईल.’”

साखरताईच्या हातातला पाण्याचा पेला तिथेच थांबला. मंगळवारचं पत्र. फार गोड. शांततेचं ते वाक्य जमल्यावर तिने स्वतःचीच पाठ थोपटली होती.

“यात आकडा कुठाय?” आई आतून ओरडली. “बाजारात तुरी!”

“मोठी माणसं पहिल्याच पत्रात आकडा लिहीत नाहीत,” बाबा म्हणाले. “उद्या सकाळी लेथ न्यायला माणूस येतोय. त्या पैशांत मोठ्या जागेची अनामत भरतो. कारखान्यात ही जुनी लेथ काय करायचीय?”

लेथ गेली की या वयात बाबांना कोण काम देणार?

“बाबा, ते पत्र म्हणजे नकार आहे.”

“अगं, तुला काय कळतंय मोठ्या लोकांच्या लिहिण्यातलं!”

“मीच लिहिलंय ते.”

“खाली सही साहेबांची आहे.”

“सही त्यांची. साखर माझी.”

बाबांनी पत्र उलटंपालटं करून पाहिलं. कान लाल झाले होते त्यांचे. “‘नाही’ लिहायला दोन अक्षरं लागतात. हे सव्वा पान कशाला?”

तिने सगळं सांगितलं. फार गोड म्हणजे काय तेही. ऐकता ऐकता बाबा उठूनच उभे राहिले. “म्हणजे हे चालेल असं त्यांना वाटतं, तरी पैसे देत नाहीत?”

“आधी दुसऱ्या कुणी दिले तर देतील.”

“आणि तो दुसरा?”

“तो यांच्याकडे बघतोय.”

“पंगतीला बसलेत सगळे,” आई दारात येऊन म्हणाली, “आणि पहिला घास कोण घेतो ते बघतायत. उपाशी मरतील मेले!” बाबांना हसू फुटलं, पण ते फार टिकलं नाही. त्यांनी लेथवाल्याला फोन लावला. “नाही. विकायची नाही. नाही म्हणजे नाही.” मग ते लेकीसमोर येऊन बसले.

“अशी किती पत्रं लिहिलीस गं आजवर?”

“चार हजारांच्या वर असतील,” ती म्हणाली, आणि सवयीने आवाजात थोडा अभिमान आलाच.

“मग त्यातल्या किती जणांनी लेथ विकली?”

ती रडली नाही, पण जेवलीही नाही. चार हजार मनं जपल्याचा हिशोब तिच्याकडे होता, याचा नव्हता.

सोमवारी कारकुनाकडून पत्त्यांची वही घेऊन ती जिन्याखाली फोन घेऊन बसली. आधी ‘फार गोड’वाल्यांना, ते पत्र नकाराचं होतं हे सांगायला. पहिल्या बाईंनी “ते कधीच ओळखलं होतं आम्ही” म्हणून फोन आपटला. दुसऱ्याने अशा शिव्या घातल्या की तिने निम्म्या पहिल्यांदाच ऐकल्या. तिसऱ्याने मात्र शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“म्हणजे नोकरी सोडू नको?”

“सोडलीत का?”

“राजीनामा खिशात आहे. आमच्या साहेबांच्या केबिनबाहेरच उभा आहे.”

“आत जाऊ नका.”

“पण ताई, बायकोने तुमचं पत्र पाठ केलंय हो. येईल त्याला म्हणून दाखवते. तिला काय सांगू?”

साखरताईच्या जिभेवर एकापेक्षा एक सुरेख वाक्यं आली. तिने ती सगळी गिळली.

“सांगा,” ती म्हणाली, “ते नाही म्हणाले.”