गाठीच्या खालची फूट

घरमालकीण अक्का ऑक्टोबरात लेकीच्या बाळंतपणाला म्हैसूरला गेल्या, तेव्हा फाटकाजवळचा गुलाब माझ्या हवाली करून गेल्या. "पाणी घाल. वाळक्या काड्या स्वल्प काढ. जास्त शहाणपण नको." झाड त्यांच्या यजमानांनी लावलेलं. पौषात त्यांचं वर्षश्राद्ध, आणि फोटोसमोर याच झाडाचं फूल ठेवायचं, हे अक्कांनी मला दोनदा ऐकवलं होतं.

शहाणपण नको, हे मला लागलं. मी अथणीकडची. आप्पा जन्मभर लोकांच्या द्राक्षबागांत छाटणीला गेले आणि मी घरातली पहिली पदवीधर, तीही प्रथम वर्गात. महादेवपुऱ्यातल्या कंपनीत माझ्या हाताखाली सहा माणसं आहेत. मला एक गुलाब छाटता येऊ नये? रविवारी कात्री घेतली आणि द्राक्षाची खरड छाटणी करतात तशी, फांदीला दोन-दोन डोळे ठेवून, कमरेएवढं झाड वीतभर केलं.

तीन आठवडे काही नाही. ऑफिसला जाताना वाकून बघायचं, आल्यावर पुन्हा वाकून. मीटिंगमध्ये कुणी काही विचारलं तर "पुन्हा सांगा" म्हणायची वेळ यायची. मग एका सकाळी बुडाशी जाडजूड हिरवे कोंब दिसले. आठवड्यात हातभर झाले. लगेच अक्कांना फोटो धाडला. त्यांनी उलट नातवाचा धाडला.

कोंब वाढत राहिले, कळी काही धरेना. डिसेंबर लागला तशी माझी झोप उडाली. शेवटी आप्पांना व्हिडिओवर झाड दाखवलं.

"गाठीच्या वर फुटलंय का खाली?"

"कसली गाठ?"

"कलमाची. एवढी शाळा शिकलीस न्हवं तू?"

माती उकरली. गाठ होती. सगळे कोंब तिच्या खालून, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या रानटी खुंटाचे. दीड महिना मी त्यांनाच पाणी पाजत होते. वरच्या काड्या काळ्या पडलेल्या, एक सोडून.

"खालचं समदं वडून काढ, कापू नगं," आप्पा म्हणाले. "आन् जुन्या लाकडाला इतकं खाली कोण आणतं? गुलाब हाय त्यो, द्राक्ष न्हवं."

हातमोजे नव्हते. तरी ओढून काढलं.

अक्का श्राद्धाच्या आठवडाभर आधी आल्या. काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. पण त्या रिक्षातून उतरल्या त्या थेट झाडापाशी.

"कुणी केलं हे?"

"मी."

"मी काय सांगून गेले होते?"

"वाळक्या काड्या काढायला."

"मग?"

"मला वाटलं, मला येतं."

त्यांनी उरलेल्या काडीची साल नखानं खरवडली. आत हिरवं होतं. "सरी, असू दे. जीव आहे," एवढंच म्हणाल्या आणि घरात गेल्या. रागावल्या असत्या तर बरं, असं मला आठवडाभर वाटत होतं.

श्राद्धाच्या सकाळी त्या काडीवर बोटभर लालसर फूट होती. कळी नव्हती. बाजारातले गुलाब मीच आणले. अक्कांनी त्यातला एक फोटोसमोर ठेवला, सरळ केला.

"यांना बाजारातलं चालायचं नाही," त्या म्हणाल्या.

मी मान वर केली नाही.

"उभी काय राहिलीस? जेवणाची पानं मांडायला घे."

मी पानं मांडली. माझं सगळ्यात शेवटी, दाराजवळ.