दारापासून रस्त्यापर्यंत

माझं कामच संशय घेण्याचं आहे. सॉफ्टवेअर लिहिणारे लिहितात आणि ते कुठे फसेल ते मी शोधते. वीस वर्षं हेच केल्यावर माणूस घरीही तसाच होतो. नवरा म्हणतो, "यार, तुझं टेस्टिंग ऑफिसातच ठेवत जा." पण संशय म्हणजे काही लॅपटॉप नाही, पाच वाजता मिटून ठेवायला.

आई गेल्यावर बाबांना मी सांगलीहून इकडे अमेरिकेत, वेस्ट विंडसरला आणलं. बाबा सैन्यात वायरलेस ऑपरेटर होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. इथे आल्यावर सहा महिने त्यांनी बॅग पूर्ण उघडलीच नाही. दोन शर्ट बाहेर, बाकीचे घडी घालून आत, आणि बॅग पलंगाखाली. "तिकीट कधी काढतेस?" हा प्रश्न रोज सकाळी चहाबरोबर यायचा आणि मी विषय बदलायचे. तिकडे त्यांचं होतं कोण? एक बंद फ्लॅट. त्यांनी इथे रुळावं एवढंच मला हवं होतं, आणि ते काही केल्या रुळत नव्हते.

मग एकाएकी प्रश्न थांबला. एका शनिवारी कपडे ठेवायला गेले तर बाबांचे सगळे शर्ट कपाटात, हँगरवर. बॅग गॅरेजमध्ये गेलेली. मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या मनात आलं, हे कुणामुळे?

"मेजरसाहेबांकडे जातो मी," बाबा म्हणाले. "चार घरं सोडून. कॉफी पितो, ठिपक्यांच्या सोंगट्या खेळतो."

मेजरसाहेब म्हणजे कोपऱ्यावरच्या घरात मुलीबरोबर राहणारा अल्बेनियन म्हातारा. ऐंशीच्या पुढचा, पाठीत जराही न वाकलेला. हिवाळ्यात टाय लावून बर्फ उपसताना मी त्याला पाहिलं होतं. टाय लावून बर्फ कोण उपसतं? बाबांचं इंग्रजी वायरलेसपुरतं, त्याचं त्याहूनही तोकडं. हे दोघं रोज दोन तास बोलतात तरी काय, असं मला वाटायचं. त्यातून बाबा हवालदार आणि हा अधिकारी. अधिकाऱ्याने काही मागितलं तर बाबा नाही म्हणणार नाहीत, ही भीती वेगळीच. एकदा बाबा आपले पलटणीतले जुने फोटो खिशात घालून त्याला दाखवायला घेऊन गेले, तेव्हा तर माझं कामात लक्षच लागेना.

आमच्या दारावरच्या बेलला कॅमेरा आहे. हालचाल झाली की माझ्या फोनवर दिसतं. रोज साडेचारला दोघं यायचे. बाबा आत जायचे, दार लागायचं, आणि म्हातारा तिथेच फुटपाथवर उभा. हात पाठीमागे, नजर आमच्या घरावर. दोन मिनिटं, कधी तीन. मग तो एक हात वर करायचा आणि वळून निघून जायचा. रोज, घड्याळ लावल्यासारखं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन धरून मी ते बघायचे. हा हात कुणाला? दार तर लागलेलं, आणि घरात त्या वेळी बाबांशिवाय कुणी नसतं.

मी नेटवर शोधायला बसले. बाबांकडून काढून घेतलेल्या दोनचार गोष्टी पुरल्या. त्याच्या लोकांवर दुसऱ्यांचं राज्य होतं आणि हा त्या दुसऱ्यांच्याच सैन्यात अधिकारी होता. मग त्याने ती नोकरी सोडली आणि आपल्या लोकांच्या स्वातंत्र्याच्या लढ्याचा पुढारी झाला. गणवेशातला एक फोटो सापडला. एका पानावर त्या फोटोखाली वीर लिहिलं होतं, दुसऱ्यावर खुनी. फोटो तोच.

"तो कोण होता माहितीये का तुम्हाला?" मी बाबांना विचारलं.

"माहितीये."

"सैन्य का सोडलं त्याने?"

"मी विचारलं नाही. मी कॉफी प्यायला जातो, चौकशी आयोग नेमून नाही."

बाबांना राग आला की ते पेपर तोंडासमोर धरतात, कधी कधी उलटासुद्धा. मीही हट्टाला पेटले. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी कॅमेऱ्यातलं एक चित्रण टाकलं आणि लिहिलं, 'हे गृहस्थ कुणाच्या ओळखीचे आहेत का? रोज आमच्या घरासमोर उभे असतात.' ते कोण आहेत, कुठे राहतात, कॉफी कशी पितात, सगळं मला ठाऊक होतं. मी खोटं बोलले, तेही प्रश्नचिन्ह लावून.

ग्रुपमधल्या कुणीतरी पोलिसांना फोन केला. दुसऱ्या दिवशी साडेचारला आमच्या दारासमोर त्यांची गाडी थांबली. मी ऑफिसातून फोनवर बघत होते. पोलीस तरुण होता, हसून बोलत होता, त्याने आवाजसुद्धा चढवला नाही. पण त्याला पाहताच म्हाताऱ्याने पाठीमागचे दोन्ही हात पुढे घेतले आणि पंजे उघडून, बोटं फाकवून समोर धरले. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. बाबा नुसत्या मोज्यांवर धावत बाहेर आले. मी फोन पालथा ठेवला. मला माझी लाज वाटली, आणि त्याहूनही जास्त, बाबांना कळेल याची भीती.

दुसऱ्या दिवशी बाबा गेले आणि एकटेच परत आले. तिसऱ्या दिवशीही तसंच. चौथ्या दिवशी गेलेच नाहीत.

"त्यांनी मला दारातूनच निरोप दिला," ते म्हणाले. "माझं काही चुकलं असेल का गं?"

मी पुन्हा विषय बदलला. रविवारी सकाळी गॅरेजमधली बॅग पुन्हा पलंगाखाली आलेली दिसली. तेव्हा मात्र मी डब्यात बेसनाचे लाडू भरले आणि दुपारी कोपऱ्यावरच्या घरी गेले.

दार मुलीने उघडलं. साठीची, शाळेत लायब्ररियन. तिने मला आत ये म्हटलं, पण हसली नाही. मेजर उठले, जाकिटाची बटणं लावली आणि स्वतःची खुर्ची मला दिली. लांब दांडीच्या भांड्यात कॉफी उकळली, इवल्याशा कपातून समोर आली. का आलीस, असं कुणी विचारेना. शेवटी मीच विचारलं, "तुम्ही रोज आमच्या घरासमोर का उभे राहायचात?"

ते त्यांच्या भाषेत बोलू लागले आणि मुलगी त्यांचेच शब्द इंग्रजीत सांगू लागली.

"आमच्यात पाहुण्याला दारातून निरोप देत नाहीत. रस्त्यापर्यंत जायचं, तो सुखरूप पोचेपर्यंत थांबायचं. तोवर त्याच्या जिवाची जबाबदारी आपल्या अंगावर असते. तुझे वडील वर जाऊन खिडकीतून हात करायचे. मग मी निघायचो."

खिडकी! बाबांची खोली बेलच्या बरोबर वर आहे. कॅमेऱ्याला ती दिसत नाही.

आणि ही रीत मला काही परकी नव्हती. सांगलीत पाहुणे निघाले की बाबा त्यांना एसटी स्टँडपर्यंत सोडायला जायचे, गाडी हलेपर्यंत उभे राहायचे. मला शाळेत असताना त्याचा कंटाळा यायचा.

"तेव्हा मी त्यांच्या सैन्यात होतो," मेजर पुढे सांगत होते. "माझा लहानपणचा मित्र मास्तर होता. मुलांना आमची भाषा शिकवायचा, म्हणून त्याच्यावर पाळत होती. एका संध्याकाळी तो माझ्याकडे जेवायला आला. निघाला तेव्हा मी गणवेशात होतो. याच्याबरोबर रस्त्यावर कुणी पाहिलं तर, असं मनात आलं. मी त्याला म्हटलं, थंडी आहे, मी इथूनच निरोप देतो. दारापासून रस्त्यापर्यंत चाळीस पावलं होती. रस्त्यावर गाडी उभी होती."

मास्तर पुन्हा कुणाला दिसला नाही. त्याच महिन्यात मेजरांनी गणवेश उतरवला.

"पुढचं तू वाचलं असशील," ते म्हणाले.

"वाचलं."

त्यातलं खरं कोणतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. खरं सांगते, तेव्हाही माझ्या डोक्यात किडा वळवळलाच, हे सगळं रचलेलं नाही कशावरून? मग मला ते उघडे पंजे आठवले.

"व्हिडिओ मी टाकला होता," मी म्हटलं.

"माहीत आहे," मुलगी म्हणाली. "कॅमेरा तुमच्याच दारावरचा होता."

मेजर म्हणाले, "तू लेक आहेस. बापाच्या दारात परका उभा होता, तू लक्ष ठेवलंस." त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, मी ग्रुपवर माफी मागते, सगळ्यांना खरं काय ते सांगते, तुम्ही उद्यापासून पुन्हा या. बाबा वाट बघतायत. मेजरांनी मुलीकडे पाहिलं. "यांचे इथे राहायचे कागद अजून व्हायचेत," ती म्हणाली. "पोलिसांकडे नाव गेलंय. मीच म्हटलं, आता रस्त्यावर उभं राहायचं नाही."

मी उठले. मेजर माझ्यामागे दारापर्यंत आले. दाराशी त्यांचे काळे बूट पॉलिश करून ठेवले होते. त्यांनी बुटांकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, आधी डावीकडे, मग उजवीकडे. रस्ता मोकळा होता. पाय उंबऱ्याच्या आतच राहिले.

"थंडी आहे," ते त्यांच्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाले. "मी इथूनच निरोप देतो."

बाहेर जूनचं ऊन होतं.

चार घरांचं अंतर मी चालत आले. आमच्या दारासमोर पोचले, तर वर खिडकीत बाबा. त्यांचा हात अर्धा वर गेला होता. त्यांनी माझ्या मागे रस्त्यावर पाहिलं, थोडा वेळ पाहिलं, आणि हात खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी चहाबरोबर त्यांनी विचारलं, "तिकीट कधी काढतेस?" मला विषय बदलता आला नाही.