यकृतावरची वर्तुळं

कॅनडातल्या हॅमिल्टनच्या एका लॅबमध्ये मी मास्टर्स करत होते आणि माझा सीनियर पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला होता. नागपूरचा. पहिल्याच दिवशी म्हणाला, "मला दादा म्हण." विंटर बूट कुठून घ्यायचे, राहायला भाड्याचं बेसमेंट कसं शोधायचं, सगळं त्यानेच सांगितलं.

आमचं काम यकृतातली चरबी मोजायचं. एमआरआयवर यकृताच्या आत एक वर्तुळ काढायचं. त्याला आम्ही आरओआय म्हणायचो. त्यात रक्तवाहिनी येऊ द्यायची नाही. वर्तुळातली सरासरी म्हणजे त्या पेशंटचं माप. वर्तुळ जरा सरकलं तरी आकडा बदलतो.

अख्खा समर मी वर्तुळं काढली. मग प्रोफेसरांनी बोलावून सांगितलं, "तुझी मापं भरवशाची नाहीत असं कळलं. पुढचं तो बघेल." रिसर्च पेपरातून माझं नाव गेलं. कुणी कळवलं ते विचारायची गरजच नव्हती. बाहेर तो म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस गं. शिकशील हळूहळू."

मी रडले नाही. मला त्याला सगळ्यांसमोर पाडायचं होतं.

त्याच्या शेजारीच माझं टेबल. तो आधी त्या पेशंटच्या बायोप्सीतला चरबीचा खरा आकडा उघडायचा आणि त्याच्याशी माप जुळेल तिथे वर्तुळ ठेवायचा. हे मी रोज बघितलं आणि कुणाला बोलले नाही. त्याचे निकाल तयार व्हायची वाट बघितली. लॅब मीटिंगमध्ये त्याचे सुरेख ग्राफ संपले, टाळ्या झाल्या, तेव्हा मी हात वर केला. "माझी मापं चुकतात ना? मग काही स्कॅन आम्ही दोघं पुन्हा मोजतो. बायोप्सी न बघता."

प्रोफेसरांना कल्पना फार आवडली. त्याचा चेहरा उतरला, तो मी डोळे भरून पाहिला.

माझे आकडे माझ्या समरमधल्या आकड्यांशी जुळले. त्याचे स्वतःच्याच जुन्या आकड्यांशी जुळेनात. प्रोफेसरांनी सगळं काम त्याच्याकडून काढून घेतलं. त्याची डिग्री लांबली.

पार्किंगमध्ये तो गाडीवरचा बर्फ काढत होता. मला बघून थांबला.

"मुद्दाम केलंस."

"हो, दादा."

"माझं पीआर, इथे कायमचं राहणं, या डिग्रीवर अवलंबून आहे. माहीत होतं ना तुला?"

"होतं."

त्याचे डोळे भरले. मी बस पकडली. कधीतरी त्याची कीव येईल असं वाटलं होतं. इतकी वर्षं झाली, अजून आलेली नाही.