छतावरचा माणूस टीव्हीसमोर बसला

मधुसूदनरावांच्या नजरेवर एके काळी अख्ख्या नेर गावाचा भरवसा होता. टीव्ही दुरुस्तीचं दुकान त्यांचं. कुणाच्या चित्रात मुंग्या आल्या की त्यांना बोलावणं यायचं आणि ते अँटेना फिरवायला छतावर चढायचे. छतावरून चित्र कसं दिसणार? खालून घरवाले ओरडायचे, "आलं, आलं!" पण लोक उतावळे, जरा काही हललं की यांचं ‘आलं, आलं’ सुरू. म्हणून हट्टी कामाला मधुसूदनराव बायकोला, सुनीतीला, स्कूटरवर मागं बसवून न्यायचे. ती खालून ठणकावायची, "अजून नाई! त्या बातम्यावाल्याच्या मिशा कुठं दिसून राह्यल्या?" मिशा दिसेपर्यंत नवऱ्याला उतरू द्यायची नाही. असा संसार पुन्हा होणे नाही.

आता अँटेना भंगारात गेल्या, दुकानाला कुलूप लागलं, आणि सुनीतीला जाऊन तीन वर्षं झाली.

दिवाळीनंतर पुतणी मिताली पुण्याहून भलामोठा टीव्ही घेऊन आली. ती व्हिडिओच्या कंपनीत होती. फोर-केचं, म्हणजे फार बारीक तपशिलाचं चित्र इंटरनेटवरून पाठवायचं तर दाबून लहान करावं लागतं. किती दाबलं की माणसाच्या डोळ्याला खटकतं, हे तिला गावातल्या साध्या माणसांकडून जाणून घ्यायचं होतं. दहा सेकंदांची फीत बघायची, एक ते पाच गुण द्यायचे; फार खटकलं तर एक, चित्र निखळ दिसलं तर पाच. बोलायचं नाही. शेवटी ती म्हणाली, "ज्याचे गुण सगळ्यांपेक्षा फार वेगळे, त्याचा कागद आम्ही बाद करतो."

हे काकांना लागलं. ज्याच्या नजरेवर गाव चाललं त्याचाच कागद बाद? लोक काय म्हणतील, आणि त्याहून मोठं म्हणजे आपण स्वतःला काय म्हणू?

सकाळी मधल्या खोलीच्या खिडक्यांना पडदे लागले. टीव्हीच्या उंचीच्या दीडपट अंतरावर खडूची रेघ ओढून खुर्च्या मांडल्या. शेजारच्या बेबीताई आणि तांड्यावरचे नेमसिंग शेजारी बसले. अक्षरांच्या तक्त्यावर काकांचे डोळे पास झाले होते. पण फीत सुरू झाली आणि खोलीत कुणी ओरडेना. जन्मभराची सवय, त्यांची मान आपोआप शेजाऱ्यांकडे वळली. बेबीताईंच्या कपाळाला आठी पडली की दोन. नेमसिंग पुढं झुकले की पाच. मिताली कळ दाबण्यात गुंतलेली, तिला पत्ता नाही.

संध्याकाळी ती आनंदानं म्हणाली, "काका, तुमचे गुण सगळ्यांत जास्त जुळले!"

खरं तर छाती फुगायला हवी होती. पण हातातला चहा गोड लागेना. खोटं पचवायची सवय या माणसाला कधी नव्हतीच.

"पोरी, म्या पडदा पाह्यलाच नाई. बेबीताईच्या तोंडाकडे पाहून लिवलं."

मिताली आधी हसली. मग काकांचा चेहरा पाहून तिनं टीव्ही पुन्हा लावला. "आता तुम्ही एकटेच बघा."

काका एकटे बसले. पहिल्या दोन फितींना पेन्सिल कागदावर टेकेना. सुनीतीची फार आठवण आली, डोळे भरले, पुसून घेतले. मग हळूहळू नजर बसत गेली. शेवटच्या फितीत वाऱ्यावर डोलणारं ज्वारीचं शेत होतं. त्यांनी ठाम हातानं लिहिलं, दोन.

"काहून दोन? सगळ्यांनी पाच दिले हिला!" मिताली म्हणाली.

"हिरवा रंग भारी हाय, म्हणून भुलले. पानं पाह्य ना. एकमेकाले चिकटून गेली. वारा पानापानात दिसाले पायजे, इथं नुसता ढीग हलून राह्यला."

मितालीनं लॅपटॉप उघडला. तीच फीत सगळ्यांत जास्त दाबलेली होती.

"तुमचंच बरोबर आहे, काका. पण बाकी सगळे पाच म्हणतात. हा कागद नियमानं बाद होईल."

मधुसूदनरावांनी दोन्ही कागद मांडीवर घेतले, नीट पाहिले आणि सकाळचा तिच्या हातात दिला.

"दोन्ही बाद कर," ते म्हणाले. "पण फाडशीन तर हा फाड. दुसरा मले राहू दे. तो माहा हाय."