सिक लाईनवरचे चार दिवस

माझ्या मित्राची मुलगी सध्या सर्कशीच्या रेल्वे डब्यांची माहिती गोळा करते आहे. तिची आई अशाच एका डब्यात वाढली. रेल्वेचा जुना प्रवासी डबा, बाकं काढून टाकलेली, मध्ये साड्यांचे पडदे लावून तीन कुटुंबांचे संसार. पुढे सर्कशी ट्रकने फिरू लागल्या आणि ते डबे भंगारात गेले.

त्यांपैकी एक मी गोंदिया जंक्शनवर अडवला होता.

मित्र आणि मी तेव्हा डबे तपासायच्या कामावर होतो. सर्कस महिनाभर गावात होती. झुल्यावर काम करणारी ती मुलगी डब्याच्या दारातून आम्हा दोघांना चहा द्यायची, पण त्याच्याशी बोलता बोलता माझा कप तिच्या हातातच निवून जायचा. मित्रानं रजा टाकली. सर्कशीबरोबर त्याच डब्यातून पुढच्या गावी जायचं आणि वाटेत तिच्या बापाकडे तिला मागायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

गाडी निघायच्या सकाळी मी त्या डब्यावर खडूने ‘सिक’, म्हणजे नादुरुस्त, असं लिहिलं. असा डबा गाडीतून काढून दुरुस्तीच्या रुळावर, सिक लाईनवर नेतात आणि माणसं दुसऱ्या डब्यात दाटीनं बसतात; तिथे मित्राला जागा मिळाली नसती. मी रेल्वेवाल्यासारखा विचार केला. ते त्यांचं घर होतं. झुल्याची ती माणसं घर सोडून गेलीच नाहीत. चार दिवस तिथेच राहिली, आणि मित्र रोज तिच्या बापाशेजारी बसला. चौथ्या दिवशी बाप हो म्हणाला. इकडे मालकानं पुढच्या गावी दुसरे झुलेवाले घेतले. बापाला झुला परत मिळाला नाही.

परवा मित्राच्या ओसरीवर त्याची मुलगी वही घेऊन बसली. “काका, आईच्या डब्याले झालं काय होतं?”

“त्या बिघाडामुळे माझं लग्न झालं,” असं तिची आई, म्हणजे वहिनी, नेहमी हसून सांगतात. मी त्यांच्याकडे न बघता म्हणालो, “काहीच नाही. मी जळत होतो, म्हणून लिहिलं.”

“मले मालूम हाये,” मित्र म्हणाला. “दुसऱ्या दिवशी तपासला ना डबा. पण खडू पुसला नाही मी.”

वहिनींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “तुमको मालूम था?” त्यांनी त्याला विचारलं आणि आत निघून गेल्या. तो मागोमाग गेला.

मी ओसरीवर बसून राहिलो. अपराध माझा होता, पण त्यांना रागवावंसं वाटलं तेही त्याच्यावरच, आणि याही वयात मला ते सोसलं नाही.